हाकेचं खोरं

दसरा उलटला की चिखलीत आमच्या गल्लीत सीताफळवाली येते. डोक्यावर टोपली, टोपलीत सागाची पानं, पानांवर रचलेली फळं. फाटकाशी थांबून ती ओरडते, "सीताफळं घ्या वो बाई!" मी बहुतेक वेळा समोरच्याच खोलीत असते, ती मला खिडकीतून दिसतेही. तरी मी उठत नाही. ती पुन्हा ओरडते. मी बसूनच. तिसरी हाक आली की मग चपला घालते. आता तिलाही सवय झाली आहे. "तुमचं काही तीन हाकेबिगर होत नाही," म्हणत ती टोपली उतरवते. गल्लीतल्या बायका यावर हसतात. माझा नवरा हसत नाही. तो त्या खोऱ्याकडच्या गावचा आहे.

टोपली खाली आली की वास येतो. पिकल्या फळाचा गोड वास नंतरचा. आधी येतो तो झाडाचा, पानांचा, कडवट, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा. तो नाकात गेला की झालं. चिखलीची गल्ली, समोरची पिठाची गिरणी, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं तिथंच असतं, पण मी तिथं नसते. माझ्या पायांना कुसळी गवत टोचत असतं आणि कान खालच्या अंगाला लागलेले असतात.

मी खामगावची. वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. दुकानाच्या वरच घर. जंगल म्हणजे मला सहलीला जायची जागा. लग्न होऊन आले ती जानेफळच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात. सासरी भाजीपाल्याची शेती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडी मिरची. घरात सासू, मोठे दीर, जाऊ मंदाबाई आणि आम्ही दोघं. सासरे आधीच गेलेले.

सासूला मी आत्याबाई म्हणायचे. उंच, कोरड्या अंगाची बाई. बोलणं कमी. त्यांची एक सवय मला पहिल्याच आठवड्यात विचित्र वाटली. त्या कुणालाही लांबून हाक मारायच्या नाहीत. मी परसात भांडी घासत असले तर चुलीपुढून उठून परसात यायच्या, माझ्या खांद्याला बोट लावायच्या आणि मग सांगायच्या, "चहा झाला." दीर वावरात असले तर वावरापर्यंत चालत जायच्या. मला वाटलं, असेल एकेकाचा स्वभाव.

गावामागे डोंगर. डोंगर चढून गेलं की पठार, आणि पठार संपतं तिथं जमीन एकदम खाली उतरते. तेच ते खोरं. वनखात्याच्या पाटीवर त्याला नुसता नंबर आहे. गाव त्याला हाकेचं खोरं म्हणतं. उतारावर सीताफळाची झाडं आहेत. ती कोणी लावली नाहीत, त्यांना मालक नाही, म्हणून फळ सगळ्यांचं. दसरा ते दिवाळी बायका सकाळी निघतात, फळं आणतात, सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, पिकत घालतात आणि जानेफळच्या बाजारात विकतात. दिवस कलला की मात्र त्या उतारावर कोणी थांबत नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा मंदाबाईंनी पठारावरून चालता चालता मला तिथले नियम सांगितले.

"हे पाह्य वैशाली, समोरचं ते मोहाचं झाड आलं का नाव बंद. मले मंदाबाई म्हनाचं नाही, मी तुले वैशाली म्हननार नाही. काम पडलं तं टाळी वाजवाची."

"काऊन?"

"ते नाव शिकते."

"कोन?"

"ते," मंदाबाई म्हणाल्या, आणि पुढच्या उताराकडे बोट न दाखवता नुसती हनुवटी हलवली. "एकदा शिकलं का मंग त्याच नावानं बोलावते. आपल्याच मानसाच्या आवाजात. म्हनून खाली कोनी बोलावलं तं पहिल्या हाकेले ओ द्याची नाही. दुसरीले बी नाही. मानूस असलं तं तिसऱ्यांदा बोलावते. त्याले तिसरी जमत नाही."

"अन् ओ दिली तं?"

मंदाबाईंनी डोक्यावरची टोपली नीट केली. मग म्हणाल्या, "खाली डोह हाय. आसरांचा."

आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, एवढं मला माहीत होतं. बुडून मेलेल्या, एकट्या पडलेल्या, सोबत शोधणाऱ्या. त्यांना हिरव्या बांगड्या आणि खण वाहतात. मंदाबाईंनी मग एका मेंढपाळाची गोष्ट सांगितली. त्याला खोऱ्यात चकवा लागला होता. भर दुपारी तो एकाच पळसाभोवती फिरत राहिला. मेंढरं समोर दिसत होती, कुत्रं समोर भुंकत होतं, पण त्याला तिथवर पोचता येईना. शेवटी त्यानं सदरा काढून उलटा घातला तेव्हा वाट सापडली. "अजून जिता हाये तो," मंदाबाई म्हणाल्या, "उंद्रीकडे लेकीपाशी राह्यते. पन तेव्हापासून मेंढरं वळली नाही त्यानं."

मी मनात हसले होते. हे प्रामाणिकपणे सांगते, कारण ते हसू किती लवकर गेलं तेही सांगायचं आहे.

खोऱ्यात उतरलं की पहिल्यांदा वारा थांबतो. पठारावर पदर उडत असतो, आणि मोहाखालून चार पावलं उतरलं की पदर अंगाला चिकटतो. मग आवाज बदलतात. मळणीयंत्राची घरघर वर पठारापर्यंत येत असते, ती खाली एकदम तुटते. आपण खोकलो तर तो खोकला समोरच्या कड्यावर जाऊन थोड्या वेळानं परत येतो, आणि परत येताना आपला राहत नाही, कुणा थकलेल्या माणसाचा वाटतो. बायका बोलत नाहीत. इकडे एक टाळी, तिकडे एक टाळी. फांदी वाकल्याची करकर. मधूनच मोराचं ओरडणं, दूर, लहान मूल रडल्यासारखं.

आणि ती फळं. आत्याबाईंनी मला फळ ओळखायला शिकवलं. सीताफळाला डोळे असतात, आणि डोळे मिटलेलं फळ तोडायचं नाही. खवल्यांच्या मधल्या रेषा रुंद होऊन पिवळट झाल्या, की डोळे उघडले. त्यांनी एक फळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि कुजबुजल्या, "हे पाह्य. हे पाहून राह्यलं." त्यांनी ते साधेपणानं सांगितलं होतं, पण त्यानंतर मला त्या झाडाखाली एकटं उभं राहवेना. वर बघितलं की पानापानांतून उघडे डोळे. पाठ फिरवली की पाठीला जाणवणारे.

आठवडाभरात मी त्या खोऱ्याची झाले होते. घरी विहिरीवर पाणी शेंदताना मागून कोणी "वैशाली" म्हणालं आणि मी दोर धरून तशीच उभी राहिले. पुन्हा "वैशाली." मी वळले नाही. तिसऱ्यांदा नवरा चिडून समोर येऊन उभा राहिला. "बहिरी झाली काय?" त्याला कारण सांगितलं तेव्हा तो चिडायचा थांबला आणि म्हणाला, "बरोबर हाय. पन घरी नको करू असं." तो समजूतदारपणे म्हणाला, याचीच मला जास्त भीती वाटली.

ते घडलं त्या दिवशी आम्ही तिघीच होतो. दिवाळी तोंडावर आली होती, गावात सोयाबीनची मळणी चालली होती, बाकीच्या बायका मजुरीला गेलेल्या. मंदाबाई म्हणत होत्या, राहू द्या, एवढ्या कमी जणींनी जाऊ नये. पण उतारावरची फळं डोळे उघडून बसली होती. चार दिवस थांबलं असतं तर ती पाखरांची झाली असती. आत्याबाईंनी टोपली उचलली आणि त्या चालू लागल्या. मग आम्हीही.

दुपारपर्यंत सगळं रोजच्यासारखं झालं. भाकरी, ठेचा, कांदा. पाण्याची बाटली फिरली. उन्हानं गवत तापून त्याचा गोडसर वास सुटला होता. जेवल्यावर आम्ही पांगलो. मी वरच्या अंगाला, मंदाबाई माझ्या डावीकडे, आत्याबाई दोघींच्या खाली, एका दाट जाळीच्या आड. त्यांचा जांभळा पदर मधूनमधून दिसत होता.

मी एक फांदी वाकवलेली. हातात फळ. आणि जाळीआडून आत्याबाईंचा आवाज आला.

"ओ!"

लगेच पुन्हा, मऊ, आनंदानं भरलेला, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेला आवाज: "ओ! आली वो, आली!"

मला वाटलं, मंदाबाईंनी काही विचारलं असेल. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. फांदी माझ्या हातून सुटली आणि वर जाऊन आदळली. मी त्यांच्यापर्यंत गेले आणि अगदी हळू विचारलं, "तुम्ही बोलावलं त्याहिले?"

"नाही. तू?"

"नाही."

खोऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. मंदाबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं माझ्या कातडीत रुतली होती, पण ते आम्हा दोघींनाही नंतर कळलं.

आम्ही जाळीपाशी गेलो. टोपली तिथं होती, नीट ठेवलेली, अर्धी भरलेली. आत्याबाईंच्या चपला टोपलीच्या शेजारी होत्या. माणूस देवळात जाताना काढून ठेवतो तशा, जोडीनं. त्यांच्यापासून खाली गवत दुभंगलेलं होतं.

मंदाबाईंनी टाळी वाजवली. कड्यानं टाळी परत दिली. पुन्हा वाजवली. मग त्या सतत टाळ्या वाजवू लागल्या, वेड्यासारख्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फोन त्यांच्या कमरेला होता, पण खोऱ्यात रेंज येत नाही. त्यासाठी मोहापर्यंत चढून जावं लागतं. ऊन समोरच्या कड्याच्या वरच्या कडेला गेलं होतं. खालचा भाग आधीच सावलीत.

"हाक मारते मी," मी म्हणाले.

"नको!" त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "आता तं आयकूनच राह्यलं ते. तुहा आवाज गेला का मंग तुले बी नेईन."

"मंग काय करू? सोडून जाऊ त्याहिले?"

त्या तिथंच खाली बसल्या. मंदाबाई भित्र्या नाहीत. विषारी साप काठीनं मारताना मी त्यांना पाहिलं आहे. पण त्या गावात जन्मल्या होत्या, त्याच गावात दिल्या गेल्या होत्या, आणि ती भीती त्यांच्या हाडात होती. माझी आठवड्याभराची होती. तेवढाच फरक.

मी खोऱ्याकडे तोंड केलं आणि ओरडले, "आत्याबाई!"

कड्यानं ते घेतलं. "बाई… बाई…" असं काहीतरी खालून वर आलं आणि एकदम संपलं. मी पुन्हा ओरडले. माझाच आवाज मला नकोसा झाला. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मंदाबाई माझ्या शेजारी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हाक मारली, सासूला आयुष्यात कधी मारली नसेल अशी, नाव घेऊन: "सुभद्राबाई! ओ सुभद्राबाई!"

उत्तर आलं नाही. पण खाली पाण्यात काहीतरी हललं. छपाक.

आम्ही दोघी त्या दुभंगलेल्या गवतातून घसरत, फांद्या धरत उतरलो. डोह मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लहानच आहे. काळं, गुळगुळीत पाणी, तिन्ही बाजूंनी खडक, खडकांवर शेवाळ, आणि एका कपारीत कधीकाळी कोणी वाहिलेल्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे. आत्याबाई काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात बसल्या होत्या. एक पाय दोन खडकांच्या फटीत अडकलेला, भलत्याच कोनात वळलेला. त्या ओरडत नव्हत्या. पाण्याच्या मध्यावर नजर लावून त्या हळूहळू काहीतरी बोलत होत्या, लहान मुलाला निजवताना बोलतात तसं.

आम्हाला पाहिल्यावर त्यांचा चेहरा बदलला. आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. त्या म्हणाल्या, "काऊन आल्या वो तुम्ही? आता जाईन ना ते."

मंदाबाई पाण्यात शिरल्या. मी शिरले. पाणी इतकं थंड होतं की छाती बंद झाली. आम्ही त्यांचा पाय सोडवला तेव्हा मात्र त्या किंचाळल्या, आणि ती किंचाळी ऐकून मला बरं वाटलं, कारण ती आत्याबाईंची होती. मंदाबाई मोहापर्यंत चढल्या, फोन लावला. दीर, माझा नवरा आणि शेजारचे दोघे बाजलं घेऊन आले. तेवढा वेळ मी त्या डोहाकाठी आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. पाण्याकडे मी पाहिलं नाही. आत्याबाईंनी नजर काढली नाही.

मेहकरला दवाखान्यात नेलं, हाड मोडलं होतं, प्लास्टर झालं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. "पाय घसरला," एवढंच.

गावानं मात्र सांगितलं. कोणी म्हणालं भगताला दाखवा, कोणी म्हणालं दर्ग्यावर न्या. मंदाबाईंनी उतारा काढून तिवाट्यावर ठेवला, भात, लिंबू, हळदकुंकू. हिवरा आश्रमाला राहणाऱ्या आमच्या मावससासूबाई येऊन बसल्या आणि त्यांनी मला कानात सांगितलं की सुभद्राला "बाहेरचं" आहे, तू नवी आहेस, तिच्या हातचं खाऊ नकोस. नवऱ्यानं मला समजावलं की खोऱ्यात आवाज घुमतो, मोर ओरडला असेल, माकड असेल, आईचं वय झालं. मी मान हलवली. पण मोर ओरडला तर माणूस चपला काढून ठेवतो का, हे मी त्याला विचारलं नाही. तोही रात्री दिवा मालवताना एकदा दाराची कडी पाहून यायचा.

त्या हिवाळ्यात हरभरा गुडघ्यापर्यंत आला होता आणि आत्याबाई अंगणात बाजल्यावर पाय लांब करून बसलेल्या असायच्या. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तुरीच्या शेंगा सोलत होते. त्या अचानक म्हणाल्या, "वर्षा होती तिचं नाव."

मी हात थांबवले. त्या घरात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"मही लेक. तुह्या नवऱ्याच्या आंधीची. सहा वर्साची होती. सीताफळं आनाले गेलो, संग आली. म्हनलं, जवळ राह्य. पोरगीच ते, राह्यते का? उतरली खाली. मंग खालून हाक आली, आई म्हनून. एक."

त्यांनी मोडका पाय थोडा सरकवून घेतला.

"मी तोंड उघडलं होतं. ओ द्याले. तं बायांनी तोंड दाबलं महं. थांब म्हने, तिसरी येऊ दे. चांगल्या बाया होत्या वो त्या. मह्या भल्यासाठीच दाबलं. मी बी थांबली. दुसरीची वाट पाह्यली."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मला वाटलं आता त्या रडतील. त्या रडल्या नाहीत.

"दुसरी आलीच नाही. डोहात भेटली मंग."

शेंगा बाजूला सारून मी म्हणाले, "आत्याबाई, पन ह्या वर्षी… ते वर्षा नव्हती ना?"

"मले का कळत नाही?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत वेड नव्हतं, ती अगदी शहाणी नजर होती, आणि म्हणूनच मला थंडी वाजली. "वर्षा असती तं तुह्यापक्षा मोठी असती. लेकरं-बाळं असती तिले. हा आवाज सहाचाच होता. जितं मानूस वाढते. हे वाढलं नव्हतं."

"मंग गेल्या काऊन तुम्ही?"

"बोलावलं ना तिनं," त्या म्हणाल्या. जणू भाजीत मीठ का घातलं असं मी विचारलं होतं.

त्यानंतर मला खोऱ्याची भीती दोन प्रकारांनी वाटू लागली. एक पहिलीच, गवताची, डोळ्यांची, परतून येणाऱ्या आवाजाची. दुसरी अशी की तिला नावच नाही. आपल्याला त्या काळ्या पाण्याकडे ओढणारं जे आहे ते आपल्याच घरातलं, आपल्याच लाडाचं असेल तर माणसानं सदरा उलटा घालून काय होणार?

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि आत्याबाई काठी घेऊन दारात उभ्या राहिल्या. दीर रागावले, मंदाबाईंनी पाया पडून विनवलं. त्या म्हणाल्या, "खाली नाही उतरत. मोहापाशी बसते." शेवटी त्यांच्यासोबत जायचं माझ्यावर आलं, कारण मंदाबाईंना त्यांच्याजवळ बसवेना. मोहाखाली एक पसरट दगड आहे. आत्याबाई त्यावर बसल्या, काठी आडवी ठेवली, आणि दिवस कलेपर्यंत खोऱ्याकडे कान देऊन बसून राहिल्या. मी त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलेलं. परतताना त्या म्हणाल्या, "यंदा काही आलं नाही." एखाद्या झाडाला फळ धरलं नाही, असं म्हणावं तसं.

असे बरेच हंगाम गेले. आम्ही चिखलीला राहायला आलो, नवऱ्यानं पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. तरी दसऱ्यानंतर मी गावी जायचे, एका दुपारपुरती. कुणी मला पाठवत नव्हतं. मी गेले नाही तर त्या एकट्या जातील, आणि एकट्या गेल्या तर उतरतील, हे मला ठाऊक होतं. दरवर्षी मोहाखालचा तो दगड, खालून येणारा कडवट वास, मोर, शांतता. दरवर्षी, "यंदा काही आलं नाही."

मग त्यांचे कान गेले. आधी एक, मग दुसराही जवळजवळ. तोंडाजवळ तोंड नेऊन बोललं तरच कळायचं. मला वाटलं, सुटलो. आता काही आलं तरी त्यांना ऐकू येणार नाही.

त्यांचा तो शेवटचा दसरा. त्यानंतरच्या थंडीत त्या न्यूमोनियानं गेल्या, घरी, आम्ही सगळे भोवती असताना. पण त्या दुपारी त्या दगडावर होत्या, नेहमीसारख्या, मान थोडी पुढे केलेली. मी शेजारी. ऊन समोरच्या कड्यावर चढत होतं. खाली डोहावर सावली पडली होती. वारा नव्हता.

"आई."

एकच. बारीक. माझ्या समोरून, जाळीच्या पलीकडून. मोर तासाभरापूर्वी ओरडला होता, मोराचा आवाज मला आता झोपेतही ओळखू येतो. हा तो नव्हता. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत नव्हते. ती येऊ नये म्हणून मनातल्या मनात कळवळून म्हणत होते.

आत्याबाई खोऱ्याकडे पाहत नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"आली?" त्यांनी विचारलं.

मला नाही म्हणवेना. मी मान हलवली.

"कुठून?"

मी बोट दाखवलं.

"तू ओ देऊ नको," त्या म्हणाल्या. "तुह्यासाठी नाही ते."

त्या काठीवर भार देऊन उठल्या. मी त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरला, पण त्या उतरल्या नाहीत. जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या, आणि खोऱ्याकडे तोंड करून, फार मोठ्यानं नाही, घरातल्या घरात द्यावी तशी ओ दिली.

"ओ."

कड्यानं ते परत आणलं. त्यानंतर काहीच नाही. मुंगळ्यांची रांग दगडावरून जात होती, ती चालत राहिली. आत्याबाई तेवढ्याच वेळ उभ्या होत्या जेवढा वेळ एखादं पोर उतार चढून वर यायला लागेल. मग त्यांनी माझ्या मुठीतून पदर सोडवून घेतला, डोक्यावर नीट घेतला, आणि म्हणाल्या, "चाल. घरी जाऊ."

दरवर्षी पठारावरून परतताना त्या एका हातात काठी घ्यायच्या आणि दुसरा हात माझ्या हातात द्यायच्या. त्या दिवशी मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. त्यांचा हात खाली होता, किंचित मागे, बोटं अर्धवट मिटलेली.

मी पुढे चालू लागले. घराचं दार येईपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.